फुगेवालीची सोबत

९ जानेवारी

चि. ढगोबास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. नव्या वर्षात तुला हवामान कार्यालयातल्या चक्रीवादळांच्या खोलीत बसवलं, हे वाचून आई आधी गप्प झाली. मग चष्मा पुसून लाँड्रीच्या काउंटरवर जाऊन बसली आणि येईल त्या गिऱ्हाइकाला पत्र वाचून दाखवायला लागली. शर्ट इस्त्रीला टाकायला आलेला माणूस आता जगातल्या सगळ्या समुद्रांची खबर घेऊनच परत जातो. समोरचा शिंपी आणि कोपऱ्यावरचा औषधवाला तर हक्काचे श्रोते. शिंप्याचं म्हणणं असं, की लहानपणी आकाशाकडे बघत गटारात पडणारा आपला ढगोबा आता पगार घेऊन आकाशाकडे बघणार, म्हणजे निदान गटार तरी चुकलं.

आई गप्प का झाली ते तुला सांगायला नको, पण तरी सांगते, कारण तुला ते आठवणं शक्य नाही. आपली गल्ली बंदराच्या मागे, रस्त्यापेक्षा पायरीभर खाली. त्या जुन्या वादळात पाणी घरात शिरलं तेव्हा तू रांगत होतास. आईनं तुला पाठीशी बांधलं, मला पुढे ढकललं आणि शिडीवरून आम्हाला माळ्यावर नेलं. बाबा लोकांचे कपडे वाचवत छातीभर पाण्यात उभे होते. बाबा त्यातून सुखरूप सुटले, पुढे चांगले म्हातारे होऊन गेले. पण आईच्या मनातलं ते पाणी काही ओसरलं नाही. अजून जोराचा वारा सुटला की ती उगाचच भांडी आवरायला लागते.

आता मुलगाच वादळांवर नजर ठेवून आहे म्हटल्यावर तिला जरा धीर आलाय. म्हणून म्हणते, पत्रं टाकत जा. फोनवर तिला नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तरी पटत नाही. तुझ्या अक्षरात आलं की मग ते ब्रह्मवाक्य.

हे नवीन वाफेच्या इस्त्रीच्या खटपटीत आहेत. जुनी इस्त्री त्यांच्यापेक्षा जास्त धुसफुसते.

लोभ आहे तेवढा पुरे, पत्रं तेवढी वाढव.
तुझी,
ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आमची खोली कशी आहे, असं तू विचारलंस. ऐकून हसशील. आकाश बघायची नोकरी, आणि खोलीला एकही खिडकी नाही. भिंतभर पडदे, त्यांवर उपग्रहांनी पाठवलेली चित्रं, आणि मध्ये लांबलचक टेबल. टेबलाच्या टोकाला आमच्या मुख्य अधिकारी बसतात. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात. एवढी यंत्रं असूनही बाई वादळाचा रस्ता आधी पेन्सिलीनं कागदावर काढतात आणि मगच यंत्राचं मत विचारतात.

इथला पहिला नियम मला पहिल्याच दिवशी सांगितला गेला. आपल्या समुद्राबद्दल बुलेटिन बाहेर पडेपर्यंत घरी चकार शब्द बोलायचा नाही. कोणे एके काळी कुणीतरी मेव्हण्याला आधी कानात सांगितलं, मेव्हण्यानं बाजाराला सांगितलं, आणि अर्धं गाव रस्त्यावर आलं. तेव्हा आपल्या समुद्राविषयी मला काही विचारू नकोस. बाकीच्या जगाबद्दल मात्र पोटभर लिहितो.

सध्या विषुववृत्ताच्या खालचा मोसम आहे. तिथलं एक वादळ जवळजवळ महिनाभर जिवंत आहे. महासागराच्या एका कडेला जन्मलं आणि पार दुसऱ्या कडेला पोचलं. मेलं म्हणून आम्ही दोनदा हुश्श केलं, दोन्ही वेळा ते उठून बसलं. त्याला रीतसर नाव दिलेलं आहे, पण आम्ही त्याला जावई म्हणतो. निघतो निघतो म्हणतो आणि परत पाट मांडून बसतो. हा मजकूर भावोजींना वाचून दाखवू नये. थट्टा इथवरच, कारण ज्या किनाऱ्यावर ते आदळलं तिथेच फिरून पुन्हा आदळलं, आणि तिथल्या लोकांनी नुकतीच उभी केलेली छपरं पुन्हा गेली.

आईला वेगळं पत्र लिहायला घेतलं आहे. जमेल तसं पाठवतो.

आहे तसा लोभ असू द्यावा.
तुझा,
ढगोबा

६ एप्रिल

चि. ढगोबास,
अ. आ. वि. वि.

हे पत्र मी रागानं लिहायला बसले होते, पण लिहिता लिहिता हसू येतंय, त्यामुळे अक्षर वाकडं झालं तर समजून घे.

आईला तू जे पत्र पाठवलंस त्यात काय काय लिहिलं होतंस ते तुला आठवतं का? दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं का, असं विचारलंस. तिच्या गुडघ्याच्या गोळ्यांची चौकशी दोनदा केलीस. महत्त्वाचे कागद कोरडे ठेव म्हणालास. आणि शेवटी लिहिलंस, की मला तुला एक गोष्ट सांगायची आहे पण आत्ता सांगता येत नाही, तू मन घट्ट कर.

आईनं पत्र दोनदा वाचलं आणि पांढरीफटक पडली. तुमचा तो नियम तिला मीच कौतुकानं सांगितला होता. तिनं सरळ हिशोब केला, की पोराला बोलायची बंदी आहे म्हणून तो असं आडून सांगतोय. मी नको नको म्हणत असताना ती शिंप्याकडे गेली, औषधवाल्याकडे गेली, आणि संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली गाद्या-वळकट्या डोक्यावर घेऊन टेकडीवरच्या शाळेत. मुख्याध्यापिका बिचारी चांगली, तिनं वर्ग उघडून दिले. शिंप्यानं शिवणयंत्र पाठीवर वाहून नेलं. औषधवाला बाकावर झोपला आणि त्याची कंबर धरली. आकाश इतकं स्वच्छ होतं की मुलांनी चांदण्या मोजल्या. वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही, नुसते डास.

सकाळी सगळे आपापली गाठोडी घेऊन खाली आलो. कोणी आईला काही बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

आता कृपा करून सांग, की समुद्रात नक्की काय होतं?

रागासकट लोभ आहेच.
तुझी,
ताई

१३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

समुद्रात काहीच नव्हतं. तोंड लपवायला जागा असती तर हे पत्रही लिहिलं नसतं.

आमच्या इमारतीच्या गच्चीवरून रोज हवेत मोठे फुगे सोडतात. फुग्याखाली छोटं यंत्र बांधलेलं असतं, ते वरच्या हवेचा ताप, ओल आणि वारा कळवत कळवत वर जातं. हे काम जी करते तिला सगळे फुगेवाली म्हणतात. वाऱ्यात माणसाच्या दुप्पट फुगा दोन हातांत धरून ती उभी असते आणि योग्य क्षणी सोडते. मी आधी फुगे बघायला जायचो. नंतर फुगे बघायला जायचो असं म्हणायचो.

आम्ही दोघांनी लग्नाचं ठरवलं आहे. हे आईला लिहायला मी चार संध्याकाळी बसलो. मूळ मुद्द्यावर यायच्या आधी हवापाण्याचं काही लिहावं म्हणून बिजागऱ्यांवर गेलो, तिथून गोळ्यांवर, आणि मुद्दा काही आलाच नाही. मन घट्ट कर हे लिहिलं ते तिच्यासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त. त्यावरून गल्ली उठेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

फुगेवालीला सांगितलं तर ती आधी पोट धरून हसली. मग एकदम थांबली आणि म्हणाली, की हसण्यासारखं नाही हे, गल्लीत तुझ्या आईच्या शब्दाची किंमत गेली. मला तेव्हा ते नीट कळलं नाही.

आईला तूच सांग. औषधवाल्याच्या कमरेबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.

शिव्या देऊन झाल्या की लोभही असू दे.
तुझा,
ढगोबा

१९ जून

चि. ढगोबास,
अ. आ. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण बरं काही लिहिण्यासारखं नव्हतं.

आईला मी सगळं सांगितलं. वाटलं होतं हसेल. ती एवढंच म्हणाली, की जिच्यापायी चारचौघांत माझं हसं झालं तिचं तोंड मला बघायचं नाही. मी म्हटलं, त्यात त्या मुलीचा काय दोष. तर म्हणाली, दोष कुणाचाच नाही, मग माझाच असेल.

गल्लीचं तुला माहीतच आहे. शिंपी मनानं वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. रोज सकाळी दुकान उघडताना विचारतो, की आजी, आज ट्रंक भरायची का? औषधवाला मलमाच्या बाटलीला शाळेचं मलम म्हणतो. पोरं तिला वादळआजी म्हणतात. ती तोंडदेखलं हसते आणि आत निघून येते. काउंटरवर बसणं तिनं सोडलं आहे. तुझी पत्रं आता ती एकटीच वाचते आणि घडी करून ठेवून देते.

मला खरी काळजी वेगळीच आहे. परवा तिनं जाहीर केलं, की यापुढे समुद्र दारात येऊन कडी वाजवू लागला तरी मी घर सोडणार नाही. आणि हे ऐकून शिंपी म्हणाला, की मग आम्हीही नाही, वादळआजी हलल्या तरच आम्ही हलू. आधी ती थट्टा होती. आता गल्लीत जो तो तेच म्हणतो आणि हसत नाही. एकदा फसल्यावर कुणाला परत हसं करून घ्यायचं नाहीये.

आपला मोसम पावसाळ्यानंतर. तेव्हा काय करायचं ते आत्ताच डोक्यात घे.

लोभ तर आहेच, थोडी अक्कलही असावी.
तुझी,
ताई

२७ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

यंदा जगात काय चाललंय ते आधी लिहितो, म्हणजे माझ्या मनाला पुढचं लिहायची उभारी येईल.

जगातल्या सगळ्यात मोठ्या महासागरात गेल्या आठवड्यात एकाच वेळी चार वादळं होती. पडद्यावर एका ओळीत चार पांढरी चक्रं. त्यांतली दोन जवळ आली आणि एकमेकांभोवती फिरायला लागली, एका स्वयंपाकघरात दोन जावा फिरतात तशी, कोणी कोणाकडे न बघता. शेवटी थोरलीनं धाकटीला गिळलं. उलट दुसऱ्या एका महासागरात यंदा कहर होणार असं मोठमोठ्या जाणकारांनी वर्षाच्या सुरुवातीला सांगितलं होतं, आणि तिथे अजून शुकशुकाट आहे. ते सगळे सध्या कमी बोलतात. बाई म्हणतात, त्यांना हसू नका, मोसम अजून सरलेला नाही.

आता जे सांगायचं आहे ते. त्या चारांतलं एक वादळ एका बेटावर गेलं. तिथल्या कार्यालयानं अंदाज तीन दिवस आधी दिला होता आणि तो अगदी बरोबर ठरला. गावागावांतून लोक हलवले. पण किनाऱ्यावरची एक वस्ती हलली नाही. मागच्या वर्षी त्यांना असंच हलवलं होतं आणि वादळ दुसरीकडे वळलं होतं. या वेळी ते म्हणाले, की पुन्हा नाही. त्या वस्तीतून फार थोडी माणसं वाचली. ही बातमी आली तेव्हा बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि त्या दिवशी परत उचलली नाही. मला त्या वस्तीत आपली गल्ली दिसली, शिंपी दिसला, आणि दारात बसलेली आई दिसली.

ताई, मला भीती वाटते. आमचा अंदाज चुकेल याची नाही, तो बरोबर येईल आणि कोणी उठणार नाही याची. हे सगळं माझ्या एका बावळट पत्रामुळे झालं.

मी आईला आता फक्त आनंदी पत्रं लिहितो. तू तिच्याशी बोलत राहा.

तुझा लोभ या वेळी मला खरोखर हवा आहे.
ढगोबा

११ सप्टेंबर

चि. ढगोबास,
अ. आ. वि. वि.

तुझ्या आनंदी पत्रांनी आई वैतागली आहे. म्हणते, हा मुलगा मला साखरेत घोळतोय. कालच्या पत्रात तू बागेतल्या फुलांबद्दल लिहिलंस म्हणे. तुझ्या कार्यालयाला खिडकी नाही हे तिला माहीत आहे.

बेटावरची गोष्ट मी तिला सांगितली. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, की त्या लोकांना मी चांगली ओळखते. आणि उठून आत गेली. घर सोडण्याबद्दल हो म्हणाली नाही, पण ठाम नाहीही म्हणाली नाही. तिची भीती पार मेली असं इतके दिवस वाटायचं. आता वाटतं, तिला तसं दाखवावं लागतंय.

मी आणि हे मिळून लाँड्रीच्या वरच्या माळ्यावर फळ्या ठोकून घेतल्या आहेत. गिऱ्हाइकांचे कपडे तरी वर राहतील. माणसांना वर ठेवायची फळी अजून सापडली नाही.

स्वतःला खात बसू नकोस. लोभ मुबलक आहे.
तुझी,
ताई

१८ ऑक्टोबर, हस्ते

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितो आहे. बुलेटिन सकाळी बाहेर पडलं, तेव्हा आता मला सगळं बोलायची मोकळीक आहे. आपल्या समुद्रात जे उठलंय ते परवा दुपारपर्यंत आपल्या किनाऱ्यावर येईल. बाईंची पेन्सिल, सगळी यंत्रं आणि माझं मत, तिघांचं एकमत आहे, आणि असं एकमत मी वर्षभरात पाहिलेलं नाही. बंदराच्या मागच्या गल्ल्यांत पाणी शिरणार. जर-तर काही नाही.

सकाळी फोन केला होता. आईनं घेतला नाही. मागून तिचा आवाज आला, की त्याला सांग आकाश स्वच्छ आहे. इशारा देणारी गाडी भोंगा लावून गल्लीत फिरून गेली आणि शिंप्यानं तिला चहा विचारला, असं भावोजींनी सांगितलं.

वादळ जवळ आलं की किनाऱ्यावरून फुगे जास्त वेळा सोडावे लागतात. टेकडीवरच्या आपल्या केंद्रावर त्यासाठी फुगेवालीला पाठवत आहेत. मी इथून हलू शकत नाही, टेबल सोडता येणार नाही. म्हणून हे पत्र तिच्या हाती देतोय. तिला मी सांगितलं, की आई तुझं तोंड बघायला तयार नाही, तिथे जाऊ नकोस, पत्र ताईच्या हातात दे आणि टेकडी गाठ. तिनं हो म्हटलं नाही. काय करणार आहेस विचारलं तर म्हणाली, की तिथे गेल्यावर बघीन.

ती गेली नाही तर, किंवा जाऊन काही झालं नाही तर, तू आणि भावोजी आईला खुर्चीसकट उचला. नंतर मला काय बोलायचं ते बोलेल. बोलायला ती असली म्हणजे झालं.

तुझा,
ढगोबा

२५ ऑक्टोबर

चि. ढगोबास,
अनेकोत्तम आशीर्वाद.

आम्ही सगळे आहोत. फोनवर सांगितलं तेव्हा तू नुसता रडत होतास, त्यामुळे बाकीचं लिहून कळवते.

तुझी फुगेवाली उन्हात चालत आली, खांद्यावर पिशवी, केस विस्कटलेले. मी दारातच तिला खुणेनं बाजूला घेणार होते, पण ती सरळ आत गेली आणि आईला वाकून नमस्कार करून म्हणाली, की मी ती, जिच्यामुळे तुम्हाला शाळेत डास चावले. आईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बस म्हणाली नाही.

मला वाटलं ही आता वादळाचं सांगणार आणि आई तिला दार दाखवणार. पण वादळाचा तिनं एक शब्द काढला नाही. म्हणाली, की बंदराजवळ तिच्या उतरण्यासाठी ठेवलेली खोली वादळामुळे बंद केली आहे आणि तिला टेकडीवरच्या शाळेत जागा दिली आहे. फुगे सोडायचं काम तिला येतं, पण वादळ आलं की तिनं आजवर मोठ्या इमारतीत काढलंय. अशा परक्या ठिकाणी, अनोळखी माणसांत तिला भीती वाटते. तुम्ही एवढं वादळ अंगावर काढलेलं आहे, तर नुसत्या माझ्याजवळ बसायला याल का, असं तिनं विचारलं. अगदी खाली मान घालून.

आई उठली, आत गेली, आणि मला वाटलं संपलं. बाहेर आली ती डब्यात काहीतरी खायला भरून आणि पायांत चपला घालून. मला म्हणाली, की परक्या पोरीला असं एकटं टाकता येत नाही, तू तुझं आवरून मागून ये. दाराला कुलूप तिनं स्वतः लावलं.

शिंपी समोर उंबऱ्यात उभा होता. त्यानं ते कुलूप पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. आईनं त्याला जाता जाता एवढंच सांगितलं, की मी हिच्या सोबतीला चाललेय, तुमचं तुम्ही बघा. तासाभरात गल्ली रिकामी झाली. शिवणयंत्र पुन्हा पाठीवर. औषधवाल्यानं या वेळी गादी आणली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जे आलं त्याचं वर्णन मी करणार नाही. शाळेच्या खिडक्या थरथरत होत्या आणि बंदर दिसेनासं झालं होतं. वादळ ओसरल्यावर खाली उतरलो तर लाँड्रीत पाणी वरच्या फडताळापर्यंत चढून गेल्याची खूण होती. माळ्यावरचे कपडे वाचले, नवी इस्त्री गेली, काउंटर कुठे गेला देव जाणे. शिंप्याच्या घराची समुद्राकडची भिंत आत पडली आहे, नेमकी तो झोपतो त्या जागेवर. तो बराच वेळ त्या ढिगाकडे बघत उभा राहिला. मग आईजवळ आला. आईनं त्याला चहाला बोलावलं, आणि मगच आमच्या लक्षात आलं की स्वयंपाकघर जागेवर नाही. तेव्हा पहिल्यांदा सगळे हसलो.

गल्लीतलं एकही माणूस कमी झालेलं नाही. हे वाक्य मी दोनदा लिहिणार होते.

भरपूर लोभासह,
ताई

५ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वर्षाचा आढावा लिहायचं काम बाईंनी माझ्याकडे दिलं आहे. जगातलं प्रत्येक वादळ, कुठे जन्मलं, कुठे गेलं, काय करून गेलं. जो महासागर वर्षभर गप्प होता त्यानं शेवटच्या दोन महिन्यांत सगळी कसर भरून काढली, आणि जाणकार पुन्हा मोठ्यानं बोलायला लागले. सगळी बेरीज केल्यावर असं निघालं, की वादळांच्या दृष्टीनं हे वर्ष सरासरीचं होतं. सरासरीचं! बेटावरच्या वस्तीबद्दल लिहिताना माझा हात त्या शब्दावर अडला. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, की शब्द तोच राहील, पण वस्तीवर तू एक वेगळा परिच्छेद लिही, अंदाज बरोबर असूनही काय झालं ते, आणि तो सगळ्यात वर घे.

मग आपलं वादळ आलं. त्यात मला लिहायचं होतं, की मनुष्यहानी नाही. एवढे दोन शब्द लिहायला मी इतका वेळ घेतला की बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मी म्हटलं, हे माझ्या घराबद्दल आहे. त्यांनी मान हलवली आणि खोलीतल्या सगळ्यांना चहा सांगितला.

आता एक काम तुझ्याकडे. फुगेवालीबद्दल आईच्या मनात काय आहे ते हळूच काढून घे. मी तिला थेट लिहिणार होतो, पण माझ्या पत्रांचा इतिहास बघता तू विचारलेलं बरं.

लोभ होता म्हणून हे वर्ष निभावलं.
तुझा,
ढगोबा

२० डिसेंबर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. डोळे साथ देत नाहीत म्हणून अक्षर मोठं आहे. ताईला फक्त पेटीत टाकायला दिलंय, वाचायला नाही.

तुझ्या ताईनं आडवळणानं मला विचारलं. तिलाही तुझ्यासारखंच सरळ विचारता येत नाही. तेव्हा तुला सरळ सांगते.

त्या दुपारी शाळेत वारा असा ओरडत होता की मोठी माणसं भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. तुझी फुगेवाली सकाळचा शेवटचा फुगा सोडून आली, माझ्या शेजारी आडवी झाली, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि गाढ झोपली. मध्ये एक खिडकी निखळून पडली तरी हिला जाग नाही. घाबरलेलं माणूस असं झोपत नाही बाळा. मी दोन पोरं घेऊन माळ्यावर बसलेली आहे, घाबरलेलं माणूस कसं असतं ते मला ठाऊक आहे.

आणि खरं सांगायचं तर मला ते शाळेत कळलं नाही. दारात उभी राहून ती मान खाली घालून बोलत होती तेव्हाच कळलं. उघड्या टेकडीवर वाऱ्यात उभी राहून फुगे सोडणारी मुलगी शाळेच्या खोलीत कशाला घाबरेल? घाबरले होते मी. भोंग्याची गाडी गेली तेव्हापासून माझे हातपाय गार पडले होते. पण एप्रिलमध्ये मी घाबरून पळाले आणि सगळे हसले, त्यानंतर मला घाबरायची सोय राहिली नव्हती. घरातून निघावं असं फार वाटत होतं, आणि निघायला तोंड नव्हतं. त्या मुलीनं माझी भीती आपल्या अंगावर घेतली आणि मला मान वर करून दाराबाहेर काढलं. मी कुलूप लावताना किल्ली दोनदा चुकली, ते तिनं पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. पोटच्या पोरालाही हे सुचलं नसतं. तुला तर नाहीच.

मी ओळखलं होतं हे तिला सांगू नकोस. गल्लीत मी सगळ्यांना सांगते, की होणारी सून कामाची चोख आहे पण जरा भित्री आहे, वादळात तिला माझी सोबत लागते. शिंपी मान डोलावतो. त्याची भिंत उभी राहिली आहे, पलंग मात्र त्यानं दुसऱ्या बाजूला घेतला.

लग्न लवकर करा आणि तिला घेऊन या. आणि हे तुला लिहून देते, कारण माझं लिहिलेलं तूही खरं मानशील. पुढचा इशारा आला की मी कुणाच्या सोबतीची वाट बघणार नाही. मला भीती वाटते असं शिंप्याला तोंडावर सांगून निघेन. तू आपला त्या बिनखिडकीच्या खोलीतून घरी गेलास की निवांत झोपत जा.

तुझी,
आई